पहिलटकर बाबासाठी: सातव्या महिन्यापासून सव्वा महिन्यापर्यंत

आपल्याकडे पहिलं बाळंतपण अजूनही बहुतेक घरांत माहेरी होतं. डोहाळेजेवण उरकलं की बायको माहेरी जाते आणि परत येते ती दोन-अडीच महिन्यांचं बाळ घेऊनच. बाळंतिणीला आईच्या घरी हक्कानं झोपता येतं, हे या रीतीतलं मोठं सुख आहे आणि ते हिरावून घेऊ नये. अडचण होते ती बाबाची. तो शनिवारी येतो, जावई म्हणून त्याचा पाहुणचार होतो, कुणीतरी बाळ आणून मांडीवर ठेवतं, रडलं की तेच कुणीतरी उचलून नेतं. रविवारी संध्याकाळी तो परतीच्या गाडीत बसतो. अडीच महिन्यांनी बाळ घरी येतं तेव्हा त्याला लंगोट बांधता येत नसतो, ढेकर काढता येत नसतो, आणि घरातले म्हणतात, 'पुरुषांना नाही जमत हे.' आईलाही पहिल्या दिवशी जमत नसतंच. ती दिवसातून दहा वेळा करते, म्हणून आठवड्याभरात तिचा हात बसतो. बाबानं दहा वेळा केलं तर त्याचाही बसतो.

त्यामुळे पुढची कामं 'बायकोला मदत' म्हणून करू नका. त्यातली काही पुरती आपल्या अंगावर घ्या, म्हणजे त्यांची आठवण दुसऱ्या कुणाला करून द्यावी लागणार नाही.

माहेरी जाण्याआधी

सर्वात आधी स्वतःचं रक्त तपासा. बायकोचा रक्तगट निगेटिव्ह आणि तुमचा पॉझिटिव्ह असेल तर बाळाचं रक्त पॉझिटिव्ह असू शकतं, आणि पुढच्या गरोदरपणात तिच्या शरीरातली प्रतिद्रव्यं बाळाच्या रक्तपेशी फोडू शकतात. ते टाळायला अँटी-डी इंजेक्शन लागतं: साधारण २८व्या आठवड्यात एक, आणि बाळ पॉझिटिव्ह निघालं तर प्रसूतीनंतर ७२ तासांच्या आत आणखी एक. हे दुसरं इंजेक्शन हमखास राहून जातं, कारण त्या तीन दिवसांत सगळे पेढ्यांच्या गडबडीत असतात. ते लक्षात ठेवणं बाबाचं काम.

दुसरी तपासणी सिकलसेल आणि थॅलेसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजारांची. बायको वाहक निघाली, म्हणजे स्वतःला आजार नसून बाळाकडे तो जाऊ शकतो अशी, तर तुमची तपासणी लगेच व्हायला हवी. दोघंही वाहक असाल तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. विदर्भात आणि नंदुरबारकडे सिकलसेल पुष्कळ आढळतो, तिथल्यांनी तर ही तपासणी पहिल्या दोन-तीन महिन्यांतच उरकावी. 'मला काही त्रास नाही' म्हणून पुरुष ती टाळतात. वाहकाला त्रास नसतोच.

मग माहेरच्या गावचं हॉस्पिटल. आठव्या महिन्याच्या अखेरीला दोघांनी मिळून एकदा तिथं जाऊन या आणि चार गोष्टी सरळ विचारा. रात्री दोन वाजता सिझेरियन करावं लागलं तर भूलतज्ज्ञ किती वेळात येतात? रक्त कुठून आणावं लागेल? बालरोगतज्ज्ञ प्रसूतीच्या वेळी हजर असतात का? आणि बाळाला जन्मतः त्रास झाला तर कुठं हलवतात? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आपल्यालाही ठाऊक असावं. जिल्हा रुग्णालयांत नवजात बाळांसाठी वेगळा अतिदक्षता विभाग असतो, त्याला एसएनसीयू म्हणतात. सरकारी रुग्णालयात जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली प्रसूती, सिझेरियन, औषधं, रक्त, जेवण आणि ने-आण मोफत आहे. गाडीसाठी १०२, तातडीच्या वेळी १०८. पहिल्या बाळासाठी मातृवंदना योजनेचे ५,००० रुपये दोन हप्त्यांत मिळतात. त्यात पात्रतेच्या अटी आहेत, तेव्हा आशाताईंकडून अर्ज आधीच समजून घ्या.

रजेचं गणित आताच मांडा. केंद्र सरकारी कर्मचाऱ्याला, दोनपेक्षा कमी हयात अपत्यं असतील तर, १५ दिवसांची पितृत्व रजा मिळते. ती प्रसूतीच्या आधीच्या १५ दिवसांपासून नंतरच्या सहा महिन्यांपर्यंत कधीही घेता येते. खाजगी नोकरीत असा कायदा नाही. कंपनीचं धोरण विचारा, नाहीतर अर्जित रजा साठवा. सगळी रजा प्रसूतीच्याच आठवड्यात संपवण्याची चूक बहुतेक जण करतात. त्या दिवसांत घर माणसांनी भरलेलं असतं. जमेल तसे तुकडे पाडा: पाच-सहा दिवस प्रसूतीला, आणि निदान आठवडाभर बाळ-बाळंतीण आपल्या घरी येतील तेव्हासाठी.

आणि नावं. हॉस्पिटलच्या पहिल्या नोंदणीपासून बायकोचं नाव तिच्या आधारवर आहे तसंच, त्याच अक्षरांत लागलं पाहिजे. माहेरच्या हॉस्पिटलात ओळखीचे लोक माहेरचं आडनाव लिहून मोकळे होतात, आधारवर सासरचं असतं, किंवा नेमकं उलटं. तेच नाव पुढं जन्मदाखल्यावर जातं आणि दुरुस्तीला खेटे घालावे लागतात.

कळा सुरू झाल्यावर

पहिलटकरणीच्या कळा हळूहळू वाढतात. दर पाच मिनिटांनी एक, प्रत्येक कळ साधारण मिनिटभर, आणि हे तासभर चाललं की निघायचं. हॉस्पिटल तासाभराच्या अंतरावर असेल तर इतकंही थांबू नका. कळ सुरू झाल्याची वेळ आणि तिची लांबी कागदावर लिहीत जा, डॉक्टर पहिला प्रश्न तोच विचारतात. पाणी गेलं तर कळा असोत-नसोत, लगेच निघा. वेळ आणि पाण्याचा रंग लक्षात ठेवा, हिरवट असेल तर फोनवरच सांगा. रक्तस्राव, बाळाची हालचाल कमी होणं, तीव्र डोकेदुखीबरोबर डोळ्यांपुढं अंधारी, झटका, यांपैकी काहीही झालं तर वाट पाहायची नाही.

पिशवीत फाइल, दोघांची आधारकार्डं, रक्ताचे रिपोर्ट, विम्याचं कार्ड, चार्जर, बायकोचे पुढून उघडणारे तीन गाऊन, मोठे सॅनिटरी पॅड, आणि बाळासाठी सहा झबली, डझनभर लंगोट, चार मऊ धुतलेली सुती दुपटी, दोन टोपडी. बाळाचे सगळे कपडे नवे असले तरी एकदा धुऊन, उन्हात वाळवून ठेवा.

सरकारी प्रसूतिगृहात आडोसा नसेल तर सोबतीला बाईमाणूसच आत जाऊ शकतं. खाजगीत बरेचदा नवऱ्याला परवानगी असते, ती आधी विचारून ठेवा. आत असाल तर कळ येताना तिच्या कमरेखाली, माकडहाडाच्या वरच्या भागावर तळहाताचा खालचा भाग रोवून घट्ट दाब द्या आणि कळ ओसरली की सोडा. किती दाब हवा ते ती सांगेल. डॉक्टरांनी परवानगी दिली असेल तर दोन कळांच्या मध्ये घोट-घोट पाणी द्या. फोन खिशात.

पहिला तास

बाळ रडलं, श्वास नीट आहे, म्हटल्यावर त्याची जागा आईच्या उघड्या छातीवर. आईचं दूध पहिल्या तासातच सुरू व्हावं. सुरुवातीचं चिकाचं दूध चमचाभरच असतं, आणि नवजात बाळाच्या पोटाला तेवढंच पुरतं. इथंच बाबाला खंबीर राहावं लागतं. मध, गूळपाणी, घुटी, सोन्याची अंगठी उगाळून चाटवणं, 'दूध उतरलं नाही तोवर डब्याचं', हे सगळं याच तासात पुढं येतं. मध तर वर्षभर नको, कारण त्यातल्या जिवाणूच्या बीजाणूंमुळे लहान बाळाला बोटुलिझमसारखा लकव्याचा आजार होऊ शकतो. मोठ्यांचा मान राखून सांगा, 'आजी, पहिले सहा महिने फक्त आईचं दूध, डॉक्टरांनी पाणीसुद्धा नको म्हटलंय.' बायको ग्लानीत असते. हा वाद तिच्यावर टाकू नका.

सिझेरियन झालं असेल आणि तिला यायला वेळ लागणार असेल तर बाळाला उबेसाठी तुमची छाती चालते. हात कोपरापर्यंत साबणानं धुवा, शर्ट काढा, खुर्चीत किंचित मागं रेलून बसा. लंगोट-टोपड्यातलं बाळ दोन्ही छात्यांच्या मध्ये उभं धरा, मान एका बाजूला वळलेली, हनुवटी छातीत न रुतलेली, नाक मोकळं, पाय बेडकासारखे पसरलेले. पाठीवरून दुपटं, एक हात मानेखाली, दुसरा ढुंगणाखाली. निदान तासभर बसा. अडीच किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळांना तर याचा फार फायदा होतो, आणि घरी आल्यावरही हे रोज करता येतं.

डिस्चार्जच्या आधी चार नोंदी स्वतः तपासा: व्हिटॅमिन के चं इंजेक्शन, २४ तासांच्या आत हिपॅटायटिस बी, बीसीजी, आणि पोलिओचा शून्य डोस. माता-बाल कार्ड हातात घ्या. पहिली काळी-हिरवट शी २४ तासांत, पहिली शू ४८ तासांत झाली नसेल तर सांगा. जन्मवजन लिहून ठेवा. पहिल्या आठवड्यात वजन ७ ते १० टक्क्यांपर्यंत उतरतं आणि दोन आठवड्यांत पूर्ववत होतं, मग रोज २०-३० ग्रॅमनं वाढतं. हे माहीत नसलं की पाचव्या दिवशी वजनकाटा बघून घरात डब्याचं दूध येतं.

दाखला

जन्माची नोंद बाळ जिथं जन्मलं तिथंच होते, तुम्ही राहता तिथं नाही. २१ दिवसांच्या आत नोंद झाली तर विलंबशुल्क नाही. हॉस्पिटल माहिती कळवतं, पण ती काय कळवली ते पाहून घेणं तुमच्याकडे. नाव ठरलं नसलं तरी नोंद अडत नाही, नाव १२ महिन्यांत विनाशुल्क घालता येतं. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बाळाच्या सरकारी कागदांवर क्रम असा आहे: बाळाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्यांना शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत जन्मदाखलाच मुख्य पुरावा आहे, तेव्हा सासरवाडीच्या नगरपालिकेतून तो बाळ तिथं असतानाच घ्या. नंतर त्यासाठी वेगळी खेप होते. विम्यात बाळाचं नाव किती दिवसांत कळवायचं तेही त्याच दिवशी बघून टाका.

सासरवाडीत जावई म्हणून नको

पहिल्याच मुक्कामात सासूबाईंशी बोलून घ्या. 'आई, मी आहे तेवढे दिवस रात्रीचं बाळुतं बदलायचं आणि ढेकर काढायचं माझ्याकडे. तुम्ही अकराला झोपा.' त्यांना सुरुवातीला अवघड वाटेल, जावयानं शीचे लंगोट धुवावेत हे त्यांना पटणार नाही. तरी धुवा. शीचे लंगोट वेगळ्या बादलीत, आधी थंड पाण्यानं शी काढून (गरम पाण्यानं डाग पक्का बसतो), मग साबणाच्या कोमट पाण्यात, भरपूर पाण्यात खळबळून कडक उन्हात. साबण राहिला की पुरळ येतं. डेटॉल वगैरे नको.

रात्रीचा क्रम असा बसवा. बाळ कुशीत चुळबुळलं, तोंड उघडून शोधू लागलं, मूठ चोखू लागलं की उठायचं. रडणं ही भुकेची शेवटची खूण आहे, रडून लाल झालेलं बाळ नीट पकडत नाही. मंद दिवा लावा. आधी लंगोट बदला, त्यानं बाळ जागंही होतं. मुलगी असेल तर कोमट पाण्यात बुडवलेल्या कापसानं पुढून मागं पुसा, उलट कधीच नाही. मुलगा असेल तर शिस्नावरची त्वचा मागं ओढू नका. कोरडं करून दोन मिनिटं मोकळं ठेवा. मग बायकोच्या पाठीला उशी, हाताशी पाणी, आणि बाळ तिच्या हातात. पकड बघायला तुम्ही बरोबर जागेवर असता: तोंड मोठं उघडलेलं, हनुवटी स्तनाला टेकलेली, खालचा ओठ बाहेर वळलेला, आणि काळा भाग वरच्या बाजूला जास्त, खालच्या बाजूला कमी दिसणारा. तिला दुखत असेल तर पकड चुकली आहे. बाळाच्या तोंडाच्या कोपऱ्यातून स्वच्छ करंगळी घालून सोडवायचं आणि पुन्हा लावायचं.

पिऊन झालं की बाळ तुमच्याकडे. खांद्यावर फडकं, बाळ उभं, पोट खांद्याला, एक हात मानेमागं, दुसऱ्या हातानं पाठीवर खालून वर. पाच-दहा मिनिटं. ढेकर आली नाही तरी चालतं, थोडं दूध बाहेर येणंही चालतं. हिरवी उलटी किंवा जोरानं फवाऱ्यासारखी वारंवार उलटी मात्र चालत नाही, डॉक्टरांना दाखवा. मग बाळाला उताणं झोपवा. घट्ट गादी, उशी नाही, मोहरीचीही नाही, तोंडाशी गोधडी नाही. हे सगळं दोन-तीन तासांनी पुन्हा, दिवसरात्र मिळून ८ ते १२ वेळा. बायकोला यात वीस-पंचवीस मिनिटं पाजण्याची, बाकीची तुमची. रात्रीतून तीन वेळा असं झालं तर तिला निदान दीड तासाची जास्त झोप मिळते, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी तिच्या चेहऱ्यावर ती दिसते.

वहीच्या एका पानावर शू-शीच्या रेघा मारत जा. पहिल्या दिवशी एक शू, दुसऱ्या दिवशी दोन, असं वाढत सहाव्या दिवसापासून चोवीस तासांत सहा किंवा जास्त. एवढी शू होते आहे आणि वजन वाढतं आहे, म्हणजे दूध पुरतंय. 'दूध पुरत नाही' असं कुणी म्हणालं की ही वही काढायची.

आंघोळ

नाळ गळेपर्यंत, साधारण ५ ते १५ दिवस, बाळाला ओल्या मऊ फडक्यानं पुसून काढा. पहिले २४ तास तेही नको, अंगावरचा पांढरा लेप खरवडू नका. नाळेला हळद, तेल, पावडर, काहीच लावायचं नाही. लंगोट नाळेच्या खाली बांधा. नाळेभोवती लाली, पू किंवा घाण वास आला तर डॉक्टर.

नाळ गळल्यावर आंघोळ शिका, आणि न्हाऊ घालणाऱ्या बाईंकडूनच शिका. त्यांचा हात वर्षानुवर्षांच्या सरावाचा असतो. फक्त काही गोष्टी थांबवा: नाका-कानात तेल घालणं, पायांना धरून उलटं लोंबकळवणं, पिठानं रगडून लव काढणं, आणि बाळाच्या सुजलेल्या छात्या पिळणं. आईच्या हार्मोन्समुळे मुलगा-मुलगी दोघांच्याही छातीला सूज येते, कधी थेंबभर दूधही दिसतं. पिळलं की तिथं पू होतो. त्याच कारणानं मुलीला पहिल्या आठवड्यात थोडा पांढरा स्राव किंवा रक्ताचा ठिपका दिसतो, त्यानं घाबरू नका.

पंखा बंद, दार लावलेलं, टॉवेल आणि कपडे उघडून क्रमानं मांडलेले. बादलीत आधी गार पाणी, मग गरम. कोपर बुडवून बघा, कोपराला ना गरम ना गार लागलं पाहिजे. हाताच्या तळव्यावर विश्वास ठेवू नका, त्याला गरम सोसतं. पाटावर बसून पाय लांब करा. बाळ नडग्यांच्या खोबणीत उताणं, डोकं तुमच्या पावलांकडे. खोबरेल तेल दोन चमचे पुरे, दाबून नाही, नुसता हात फिरवून. तेलानं बाळ निसटतं, म्हणून एक हात मानेखालून काखेपर्यंत गेलेला असला पाहिजे आणि तो आंघोळ संपेपर्यंत सुटता कामा नये. पाणी दुसरं कुणीतरी घालू दे, पहिले पंधरा दिवस एकट्यानं करू नका. आधी अंग, डोकं शेवटी, कारण ओल्या डोक्यातून ऊब झपाट्यानं जाते. मान, काख आणि जांघ यांच्या घड्या उघडून धुवा, दूध तिथंच साठतं आणि कातडी सोलवटते. एकूण पाच मिनिटं. मग टॉवेलात गुंडाळून टिपा, घासू नका, आणि त्याच घड्या पुन्हा उघडून कोरड्या करा.

आंघोळीनंतरची धुरी आणि खोलीतली शेगडी बंद करा. बंद खोलीत कोळशाचा वायू बाळाला आणि बाळंतिणीला दोघांनाही घातक आहे. शेक हवाच असेल तर गरम पाण्याची पिशवी, तीही फक्त बाळंतिणीच्या कमरेला, कपड्यावरून. काजळ नको, डोळ्यांत तर नाहीच. दुपट्यात गुंडाळताना हात आत घेतले तरी पाय मोकळे ठेवा, पाय सरळ आवळले की खुब्याचा सांधा बिघडू शकतो. एप्रिल-मेमध्ये मोजे, टोपडं आणि तीन दुपटी घालून बाळाचं अंग तापतं आणि ताप आल्याचा घोळ होतो. स्वतःला जेवढं लागतं त्याहून एक थर जास्त, बस्स.

रडणं

दुसऱ्या आठवड्यापासून रडणं वाढतं, सहाव्या आठवड्याच्या आसपास सर्वात जास्त असतं आणि तिसऱ्या-चौथ्या महिन्यात उतरतं. दूध, लंगोट, उकाडा, ढेकर हे बघून झालं की बाळाला तुमच्या पुढच्या हातावर पालथं घ्या, गाल कोपराजवळ, पोट हाताला, आणि खोलीभर सावकाश फिरा. ग्राइपवॉटरची गरज नाही. रात्री तीनला कधीकधी डोकं फिरतं, हे प्रत्येक बापाचं होतं. तसं झालं तर बाळाला उताणं गादीवर ठेवा, दार लोटा, पाच-दहा मिनिटं बाहेर जाऊन पाणी प्या. रडून बाळाला इजा होत नाही. हलवून, झटके देऊन होते, मेंदूत रक्तस्राव होतो.

ताबडतोब दवाखाना

दूध ओढेनासं होणं, सुस्त पडणं, झटका. मिनिटाला ६० किंवा जास्त श्वास (पूर्ण मिनिट मोजा, पोट वर-खाली होताना, आणि जास्त आले तर पुन्हा एकदा मोजा). श्वास घेताना छाती खाली ओढली जाणं. काखेतलं तापमान ३७.५ अंश सेल्सिअस म्हणजे ९९.५ फॅरनहाइटच्या वर किंवा ३५.५ च्या खाली. पहिल्या २४ तासांत दिसलेली कावीळ, किंवा कधीही तळहात-तळपायांपर्यंत आलेली. कोवळं ऊन हा काविळीवर उपचार नाही, निळ्या दिव्याखाली ठेवणं हा आहे. दोन महिन्यांखालच्या बाळाला ताप आला तर घरचं औषध देऊन बघायचं नाही. आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशी घरी येतात, त्या येतील तेव्हा वही घेऊन बसा.

बाळंतीण

सगळ्यांचं लक्ष बाळाकडे असतं, म्हणून हिच्याकडे तुमचं हवं. तासाभरात पॅड पूर्ण भिजणं, मोठ्या गाठी, ताप, घाण वासाचा स्राव, एका पोटरीत दुखून सूज, धाप, तीव्र डोकेदुखी आणि अंधुक दिसणं: यांतलं काहीही सहा आठवड्यांपर्यंत कधीही झालं तरी लगेच डॉक्टर. लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या प्रसूतीनंतर १८० दिवस चालतात. दोन्ही एकत्र दिल्या तर लोह नीट शोषलं जात नाही, मध्ये दोन तास जाऊ द्या. गोळ्यांची जबाबदारी तुमची, शहरात असलात तरी रोज फोन करून. अळिवाची खीर, डिंकाचे लाडू खुशाल द्या, पण पाणी, भाजी, डाळ, फळं तोडू देऊ नका. 'बाळंतिणीनं पाणी कमी प्यावं' या समजानं बद्धकोष्ठ होतं आणि टाक्यांवर ताण येतो.

तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून उगाच रडू येणं साधारण दोन आठवड्यांत सरतं. त्यानंतरही ती उदास असेल, बाळाकडे बघवत नसेल, बाळ झोपलं तरी तिला झोप लागत नसेल, तर ते नैराश्य आहे आणि त्यावर औषधोपचार आहे. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ नंबरवर मराठीत बोलता येतं, मोफत, चोवीस तास. नैराश्य बाबालाही येतं, त्यालाही हाच नंबर. भ्रम, संशय, दिवसेंदिवस झोप नाही, भलतंसलतं बोलणं असेल तर त्याच दिवशी दवाखाना, आणि तिला बाळाबरोबर एकटं सोडू नका.

भेटायला येणाऱ्यांना दारात तुम्ही उभे राहा. 'आत्ताच झोपलीय, बारशाला निवांत या.' आत येणाऱ्यांनी हात धुवायचे, सर्दी-खोकलेवाल्यांनी यायचं नाही, पापी घ्यायची नाही. तिच्या आईनं हे म्हटलं तर माणसं दुखावतात, जावयानं म्हटलं तर ऐकतात.

पाळी परत आलेली नसली तरी गर्भ राहू शकतो. पुढच्या गरोदरपणापर्यंत निदान दोन वर्षांचं अंतर हवं, आणि त्याची काळजी कंडोमपासून सुरू होते, म्हणजे तुमच्यापासून. तिची तयारी होईपर्यंत थांबा, सहा आठवडे झाले म्हणून ती झालीच असं नाही.

सहाव्या आठवड्याची लस

पेंटाव्हॅलंट, पोलिओ, रोटा, न्यूमोकोकल: दीड महिन्याच्या या खेपेला बाबा असावाच. लशीनंतर ताप येतो आणि डॉक्टर पॅरासिटामॉल लिहून देतात. इथं होणारी चूक समजून घ्या. थेंबांच्या बाटलीत बहुधा १ मिलीत १०० मिग्रॅ औषध असतं. सिरपच्या बाटलीत ५ मिलीत १२५ मिग्रॅ, म्हणजे १ मिलीत २५. थेंब चौपट तीव्र असतात. साडेचार किलोच्या बाळाला ६० मिग्रॅ सांगितले असतील तर थेंब ०.६ मिली होतात आणि सिरप २.४ मिली. घरात सिरप होतं, मेडिकलवाल्यानं थेंब दिले, माप मात्र जुनंच लक्षात राहिलं, की चौपट डोस जातो. म्हणून डॉक्टरांकडून मिलीग्रॅममध्ये आकडा घ्या, बाटलीवरचं लेबल वाचा, त्यावर पेननं मिली लिहा आणि फक्त खुणांच्या ड्रॉपरनं द्या, चमच्यानं नाही. हाच घोळ व्हिटॅमिन डी च्या थेंबांत होतो. रोज ४०० युनिट द्यायचे असतात, पण एका बाटलीत १ मिलीत ४००, दुसरीत ८०० असतात.

घरी आणताना

दुचाकीवर नाही. मोटारीत मागच्या सीटवर, मागं तोंड असलेल्या बाळाच्या सीटमध्ये. पुढच्या सीटवर मांडीवर घेऊन कधीच नाही. दर दोन तासांनी गाडी थांबवून पाजणं. सगळ्या सामानात वही, माता-बाल कार्ड आणि दाखला तुमच्या खांद्यावरच्या पिशवीत.

निघण्याआधीच आपल्या घरी एक फळी नेमा: लंगोट वरच्या बाजूला, दुपटी खाली, कापूस, थर्मामीटर, ड्रॉपर, औषधं एका डब्यात. पहिल्या आठवड्यात सगळ्यात जड जातं ते बायकोला, कारण रात्री हाक मारल्यावर येणारी तिची आई तिथं नसते. अडीच महिन्यांत बाळ मोठं झालेलं असतं, पाजण्याच्या वेळा बदललेल्या असतात, नव्या जागेत ते पहिले दोन-तीन दिवस जास्त रडतं. राखून ठेवलेली आठवड्याची रजा याच दिवसांसाठी. दहाव्या आठवड्याची लस गावी झाली नसेल तर जवळच्या आरोग्यकेंद्राचा लसीकरणाचा वार विचारून कॅलेंडरवर खूण करा आणि त्या दिवशीची अर्ध्या दिवसाची रजा आजच टाका.